न नोंदलेले तास

कॅप्टन इमाद मुकादमला धुक्यात विमान उतरवता येत होतं, वादळाला वळसा घालता येत होता. पण फोनवर कुणाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. आपल्यापैकी पुष्कळांचं असंच असतं. साहेबांनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं की आपण जातो. अंग मोडून आलं असलं तरी मान हलवतो. मग लोक म्हणतात, "काय माणूस आहे! थकणं म्हणून ठाऊक नाही!" हे ऐकून आपण सुखावतो. इमादही सुखावत असे.

पनवेलला वडाळे तलावाजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर तो राहत होता. बायको शाजिया एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती, मुलगी सिदरा चौथीत होती. इमादचे वडील दाऊदभाई पनवेलच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होते. ते आता हयात नव्हते. पण एसटी ड्रायव्हरचा मुलगा विमान चालवतो, याचं मोहल्ल्याला अजून अप्रूप होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी शाजियाने घावणे टाकले होते. रोडपालीला तिच्या बहिणीकडे जेवायला जायचं ठरलं होतं आणि सिदरा नवा ड्रेस घालून तयार बसली होती. तेवढ्यात इमादचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'शैलेशसर'.

शाजियाने तवा उतरवला. "उचलू नका," ती म्हणाली.

इमादने उचलला. पलीकडून काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. पण इमादचं तिला पाठ होतं. "हो सर... नाही सर, तसं काही विशेष नाही... निघतो सर."

सिदराने सँडल काढून कोपऱ्यात ठेवले. ते पाहून शाजियाचा धीर सुटला.

"तुमची आजची सुट्टी आहे ना? उद्याचीही आहे. कंपनी तुम्हाला ही सुट्टी झोपायला देते, की सरांच्या शाळेत शिकवायला?"

"दोन तासांचं काम आहे फक्त."

"दोन तासांचं काम आणि जायला-यायला पाच तास. मागच्या शनिवारीही दोन तासच होते. तुम्ही घरी असता ना, तेव्हासुद्धा इथे नसता. परवा सिदराने तीनदा हाक मारली, तुम्ही डोळे उघडे ठेवून बसला होतात, पण ऐकू आलं नाही तुम्हाला!"

एक घावण हातात घेऊन इमाद जिना उतरला.

शैलेश घाणेकर हे इमादचे गुरू. घाटावर एका छोट्या धावपट्टीवर त्यांची विमान शिकवण्याची शाळा होती. पंधरा वर्षांपूर्वी इमाद तिथेच शिकला. पहिल्या दोन चाचण्यांत तो नापास झाला, तेव्हा दुसरे प्रशिक्षक म्हणाले होते, या मुलाला घरी पाठवा. शैलेशसर एकटे त्याच्या बाजूने उभे राहिले. तीन आठवडे रोज त्याच्या शेजारी बसून त्यांनी त्याला विमान उतरवायला शिकवलं. सर नसते तर आपण आज कुठे असतो, हा विचार इमादच्या मनातून कधी गेला नाही.

नोव्हेंबरात सरांचे दोन प्रशिक्षक एकाच महिन्यात शाळा सोडून विमान कंपन्यांत गेले. अकरा विद्यार्थी अडकून पडले. सरांनी इमादला फोन केला. "तुझ्याकडे प्रशिक्षकाचं लायसन्स आहे. एक शनिवार येऊन जा. पोरांचे तास थांबलेत."

इमाद गेला. एक शनिवार!

आता इथला नियम वाचकांना सांगायला हवा. वैमानिकाने दिवसात, आठवड्यात, वर्षात किती तास उडायचं याची मर्यादा ठरलेली असते. आठवड्यातून सलग दोन दिवस त्याला विश्रांती मिळावीच लागते. आणि त्याने बाहेर कुठेही उड्डाण केलं, अगदी दोन माणसांच्या शिकाऊ विमानातलं असलं, तरी ते आधी कंपनीला विचारून, त्याच मर्यादेत धरून करायचं असतं. इमादने विचारलं नाही. विचारलं तर कंपनी नको म्हणेल, आणि मग सरांना काय सांगायचं? नोव्हेंबर संपताना कंपनीचा नेहमीचा फॉर्म आला. 'या महिन्यात मी कंपनीबाहेर कोणतेही उड्डाण केलेले नाही.' समोर एक चौकोन होता. इमादने त्यात खूण केली.

त्या एका खुणेने त्याला बांधून टाकलं. डिसेंबरात परवानगी मागायची म्हटलं तर नोव्हेंबरचं खोटं उघडं पडणार होतं. म्हणून डिसेंबरातही खूण झाली, मग जानेवारीतही. वैमानिक स्वतःचे तास ज्या वहीत लिहितो त्या लॉगबुकात त्याने शाळेतले तास लिहिले नाहीत. पण विद्यार्थ्यांच्या लॉगबुकांत ते तास होते आणि प्रत्येक ओळीपुढे प्रशिक्षक म्हणून त्याची सही होती. सही नाही केली तर त्या पोरांची मेहनत फुकट जाणार. केली, तर कधीतरी कुणीतरी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवणार. सरांकडे जाणं थांबवलं तर कृतघ्न, चालू ठेवलं तर खोटारडा. आठवडाभर कंपनीचं विमान आणि शनिवार-रविवारी शाळेचं, अशा दोन आकाशांत तो ये-जा करत होता. जमिनीवर मात्र त्याला पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

त्या शनिवारी इमादने विद्यार्थी शिकवले, रविवारीही शिकवले. रविवारची शेवटची विद्यार्थिनी होती दिपिका कोळी.

दिपिका उरणच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील काशीराम होडी घेऊन समुद्रात जात. शाळेत ती सगळ्यांत कमी बोलायची आणि सगळ्यांत नीट उडायची. आता तिचं पहिलं सोलो उड्डाण जवळ आलं होतं. सोलो म्हणजे शेजारी प्रशिक्षक नाही; विमानात एकटीने जायचं आणि एकटीने उतरायचं. इमादने आज तिला तपासून 'योग्य' असं लिहिलं की मंगळवारी सर तिला एकटीला सोडणार होते.

सकाळचे अकरा वाजले होते. ऊन चढलं होतं. ती डावीकडे, इमाद उजवीकडे. धावपट्टीभोवती फेरी मारायची आणि उतरायचं, अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा विमान वर गेलं. दिपिकाने पहिलं वळण घेतलं. खाली उसाच्या शेताचा चौकोन सरकताना इमादला दिसला.

त्यानंतर एकदम चाकं जमिनीला टेकल्याचा दणका बसला.

इमाद दचकला. विमान धावपट्टीवर पळत होतं. मधली तीन वळणं कुठे गेली? उसाचं शेत, मग धावपट्टी. मध्ये काहीच नव्हतं! पाच-सहा मिनिटं होती ती, आणि त्यांतला एक क्षणही त्याला आठवेना.

दिपिकाने विमान शेडपाशी आणून उभं केलं, इंजिन बंद केलं आणि त्याच्याकडे वळून पाहिलं. तिचा चेहरा फुलला होता.

"सर, ह्या फेरीला तुम्ही एक शब्द नाय बोललात! मी दोनदा विचारलं, सर बरोबर हाय ना? तुम्ही गॉगल लावून गप्प. मग माझ्या लक्षात आलं, सर मला बघतायत, मी एकटी काय करते ते. एवढा विश्वास टाकलात सर तुम्ही!"

'मी झोपलो होतो' हे चार शब्दसुद्धा नव्हते, तीनच होते. पण ते ओठांपर्यंत आले नाहीत. शैलेशसर शेडच्या सावलीत उभे होते. "काय म्हणतोस? तयार आहे ना पोरगी?"

"तयार आहे सर," इमाद म्हणाला, आणि दिपिकाच्या लॉगबुकात त्याने सही केली.

शाळेतल्या नोंदी उरकून तो दोन वाजता निघाला आणि वाटेत गाडी दोनदा थांबवून त्याने तोंडावर पाणी मारलं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जे उतरणं आपण पाहिलंच नाही, त्यावर आपण 'योग्य' लिहून आलो. मंगळवारी ती पोर एकटी वर जाणार. आणि उद्या सकाळी पावणेसातला आपण स्वतः एकशे ऐंशी माणसं घेऊन बंगळुरूला जाणार. आजच्यासारखी झोप तिथे लागली तर?

खरं बोलावं तर लायसन्स जाईल, सरांची शाळा अडचणीत येईल, अकरा पोरं अधांतरी लटकतील. गप्प बसावं तर... पुढचा विचार त्याला करवेना. चारी बाजूंनी भिंती सरकत जवळ येत होत्या आणि त्यातली प्रत्येक भिंत त्याने स्वतःच्या सहीने बांधली होती.

पाचच्या सुमाराला त्याने इमारतीखाली गाडी लावली. इंजिन बंद केलं, पण उतरेना.

तळमजल्यावर बुधाजी ठाकूर राहत. वय बहात्तर. एकोणीस वर्षं ते पनवेल एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर जाणार ते ठरवणारे. दाऊदभाईंचे जुने सोबती. रोज संध्याकाळी ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसत. त्यांनी येऊन काचेवर टकटक केलं.

"पोरा, गाडी बंद करून वीस मिनटं झाली. उतरत का नायस?"

इमादने दार उघडलं. उठायचा प्रयत्न केला आणि तसाच बसून राहिला. मग बोलायला लागला. शनिवारचे फोन, फॉर्मवरच्या खुणा, दोन वह्या, उसाचं शेत, दणका, दिपिकाचा फुललेला चेहरा. सगळं बोलला. बुधाजीकाका गाडीच्या दाराला हात टेकून ऐकत होते.

"पण काका, झालं तर काही नाही ना," शेवटी इमाद म्हणाला. "विमान नीट उतरलं. आजपर्यंत काहीच झालेलं नाही."

"हां," काका म्हणाले. "हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकलंय. प्रत्येक ड्रायव्हर माझ्या खिडकीशी येऊन हेच बोलायचा. 'साहेब, डबल ड्युटी द्या. आजपर्यंत काय झालंय का?' तुझा बापही बोलला व्हता."

"अब्बा?"

"ईदच्या आधी. त्याला चार दिवस सलग घरी राहायचं व्हतं. रात्रभर अलिबागची गाडी करून आलेला. म्हणला, आता लगेच महाडची करतो, म्हणजे माझी सुट्टी जमते. मी म्हणलो, दाऊदभाई, नाय. जाऊन झोप. तो सगळ्यांसमोर मला म्हणला, बुधाजी, तू माझ्या पोराची ईद खाल्लीस. ते पोर म्हणजे तू. दोन वरसं बोलला नाय माझ्याशी."

"मग?"

"मग काय नाय. एक दिवस आला, खिडकीत हात घालून माझ्यातला अर्धा चहा घेतला, अन् गेला गाडीवर. त्या ईदला महाडला दुसरा ड्रायव्हर गेला, तो सुखरूप परत आला. तुझा बाप गेला असता तर काय झालं असतं, मला नाय ठाव. कुणालाच नाय ठाव. मी रिटायर झालो तेव्हा लोकं विचारत, बुधाजी, एवढ्या वरसांत तू केलंस काय? काय दाखवू? जी गाडी दरीत गेली नाय ती पेपरात येत नाय. जो माणूस मेला नाय त्याला म्हाईत पण नसतं. आमच्या कामाचं असंच असतं पोरा. केलेलं दिसतच नाय."

इमाद खाली मान घालून बसला होता. "पण सरांना नाही कसं म्हणू? त्यांचे उपकार आहेत माझ्यावर."

बुधाजीकाकांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"तुझ्यावर हायेत ना? मग तू फेड! तुझ्या घामानं फेड. उद्या सकाळी तुझ्या मागं जे बसणार, त्यांच्यावर सरांचे काय उपकार? कुणी पोरीच्या लग्नाला चाललंय, कुणी आईला बघायला चाललंय. त्यांनी तुझ्यापाशी डोळे मिटलेत कशाच्या भरवशावर? तू सुट्टीला झोपला असशील, ह्याच्या! ती सुट्टी तुझी नायच इमाद. ती त्यांची हाय. दुसऱ्याची वस्तू उचलून गुरूला दिलीस, त्याला गुरुदक्षिणा म्हणतात का?"

चार महिने इमाद स्वतःला समजावत होता की मी माझी झोप देतोय, माझा घरचा वेळ देतोय, त्रास काय तो मला होतोय. ती झोप त्याची नव्हतीच! हे इतकं सरळ होतं, आणि इतक्या दिवसांत त्याला दिसलं नव्हतं.

"लायसन्स जाईल काका."

"जाईल कदाचित. मी खोटा धीर देणार नाय."

इमाद वर गेला. शाजिया दारात उभी होती. त्याने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. फक्त म्हणाली, "आधी त्या मुलीसाठी फोन करा."

शैलेशसरांनी दुसऱ्या घंटेला उचलला.

"सर, दिपिकाला मंगळवारी सोडू नका. पाचव्या फेरीला मला झोप लागली होती. ती कशी उतरली ते मी पाहिलेलं नाही. माझी सही खोटी आहे."

सर म्हणाले, "डुलकी लागली असेल एखादी. पोरगी व्यवस्थित उतरली ना? कुणाला बोलू नकोस. मी परत एकदा तपासतो तिला, संपलं."

"सर, मी कंपनीला पण सगळं लिहून देतोय. नोव्हेंबरपासूनचं."

"इमाद! तुला कळतंय तू काय करतोयस? माझी शाळा बंद पडेल. ज्या धावपट्टीवर मी तुला उभा केला..."

शाजियाने इमादचा मोकळा हात घट्ट धरला.

"नाही सर," तो म्हणाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा! "मी आता येऊ शकत नाही. आणि गप्पही बसू शकत नाही. मला माफ करा."

फोन कट झाला.

दुसरा फोन कंपनीत. ड्युटी लावणाऱ्या विभागात किशोरी नावाची मुलगी होती. "किशोरी, उद्याच्या पावणेसातच्या विमानावर दुसरा कॅप्टन घ्या. मी उड्डाणासाठी फिट नाही."

"बरं वाटत नाहीये का सर? ताप लिहिते. ताप लिहिला की कुणी पुढे विचारत नाही."

किती सोपी वाट होती! एक खोटा ताप, आणि सगळं पुढच्या शनिवारपर्यंत ढकललं गेलं असतं. इमादने क्षणभर डोळे मिटले.

"ताप नाही. थकवा आहे. थकवा असंच लिहा. का आहे ते मी तासाभरात मेल करतो."

ती मेल लिहायला तासाच्या जागी तीन तास लागले. कुठला महिना, किती तास, कुठल्या फॉर्मवर खोटी खूण, काही वगळलं नाही. पाठवल्यावर तो जो झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. सिदरा शाळेतून येऊन पलंगाच्या कडेला गृहपाठ करत बसली होती.

पुढचे दिवस सोपे गेले असं मी सांगणार नाही. चौकशी झाली. चार महिन्यांसाठी त्याचं लायसन्स स्थगित झालं. कंपनीने त्याला कॅप्टनच्या जागेवरून खाली आणलं. परत आल्यावर वर्षभर को-पायलट म्हणून उडायचं. शाळेतल्या नोंदी तपासायला घेतल्या गेल्या आणि तोवर सगळी सोलो उड्डाणं थांबली. मोहल्ल्यात कुणी म्हणालं, "एवढा शिकलेला, पण व्यवहार कळत नाही. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला होता?" मशिदीतून बाहेर पडताना लोक सलाम करत, पण थांबून बोलत नसत. तलावाभोवती फेऱ्या मारताना डोक्यावरून नव्या विमानतळाकडे उतरणारं विमान जाई, तेव्हा इमाद वर बघायचं टाळत असे. भिंती पडल्या होत्या, तरी मोकळं वाटायला वेळ लागत होता.

मार्चमध्ये एका सकाळी दिपिका दारात आली. सोबत काशीराम होते. ते आत न येता चपला काढून उंबऱ्याशीच उभे राहिले. दिपिका रागाने लाल झाली होती.

"सर, माझं सोलो थांबलं. त्या फेरीचा वेळ पण माझ्या लॉगबुकातून काढला. तुम्ही झोपला होता तर ते विमान कुणी उतरवलं? मीच ना? म्हणजे मला येतं! मग माझं का काढून घेतलंत?"

"तुला येतं," इमाद म्हणाला. "मला त्यात शंका नाही."

"मग?"

"दिपिका, त्या फेरीला तुला भीती वाटली का?"

"नाय. तुम्ही होता ना बाजूला."

"मी नव्हतो."

दिपिकाच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी दुसरंच काही आलं. त्या सकाळी वाऱ्याचा एखादा झोत आला असता, इंजिन अडखळलं असतं, तर तिने उजवीकडे वळून 'सर' म्हटलं असतं. आणि उजवीकडे कुणी नव्हतं.

"सोलोला जाताना माणसाला ठाऊक असतं की आपण एकटे आहोत," इमाद म्हणाला. "मी तुला न सांगता एकटीला सोडलं. ही फसवणूक आहे. तिच्यावर मी 'योग्य' लिहिलं. ते खोडल्याशिवाय मला तुझ्याकडे बघता आलं नसतं."

दिपिकाने डोळे पुसले. उंबऱ्याशी उभे असलेले काशीराम पहिल्यांदा बोलले. "आमच्या होडीवर सुकाणू धरणारा झोपला तर आमी त्याला उठवत नाय. दुसरा सुकाणू धरतो, अन् त्याला झोपू देतो. पण त्यानं सांगाय पायजे, मला झोप येतेय. तुमी उशिरा सांगितलंत, कॅप्टन. पण सांगितलंत." आणि मग त्यांनी शाजियाने पुढे केलेलं पाणी घेतलं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, लायसन्स परत मिळायला थोडे दिवस उरले असताना, इमादचा फोन वाजला. शैलेशसर! फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. इमाद उठून उभाच राहिला.

"आज दिपिकाचं सोलो होतं," सर म्हणाले. एप्रिलमध्ये त्यांना एक पूर्णवेळ प्रशिक्षक मिळाला होता आणि शाळा हळूहळू मार्गी लागत होती. "विमान बाहेर काढलं. हवा अगदी हवी तशी. सगळी पोरं बघायला उभी. आणि ती येऊन मला म्हणते, सर, मी आज जाणार नाही."

"का?"

"काल त्यांच्या वाड्यात चुलत भावाची हळद होती. रात्रभर बँजो वाजत होता म्हणे, झोपच झाली नाही. सगळ्यांसमोर सांगितलं तिने, मान वर करून. मला इतका राग आला! इतके महिने खोळंबा, त्यात ही हळद. मी ओरडायला तोंड उघडलं..."

सरांचा आवाज बदलला.

"आणि मला आठवेना रे इमाद, की चार महिन्यांत मी तुला एकदा तरी विचारलं होतं का, तू झोपलास का म्हणून. एकदाही नाही! प्रत्येक वेळी मी एवढंच विचारलं, कधी निघतोस. तू 'हो' म्हणत गेलास, आणि मी पोरांना सांगत गेलो, बघा, याला म्हणतात निष्ठा. तुला अडकवला मीच. चौकशीत तू सगळं स्वतःवर घेतलंस, आणि मी घेऊ दिलं."

इमादने विचारलं, "दिपिकाचं मग काय केलंत सर?"

"विमान परत शेडमध्ये लावलं. तिला म्हटलं, घरी जा, झोप. परवा ये."

तिसऱ्या दिवशी दिपिका गेली. एकटी वर गेली, चारही वळणं घेतली आणि उतरली. काशीराम कुंपणापाशी उभे होते. विमान थांबेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही, असं नंतर सगळे सांगत होते.

इमाद जूनमध्ये कामावर रुजू झाला, को-पायलटच्या खुर्चीत. शनिवार-रविवार तो घरी असतो. सरांच्या शाळेत वर्षातून काही दिवस शिकवायची त्याने कंपनीकडे रीतसर परवानगी मागितली आहे. मिळाली तर तो जाईल, नाही मिळाली तर जाणार नाही. दोन्ही गोष्टी सरांना मान्य आहेत.

वाचकहो, विमानं आपल्यातले थोडेच जण चालवतात. पण न झोपता काम करणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. छत्तीस तास वॉर्डात उभी असलेली डॉक्टर, कळंबोलीच्या नाक्यावरून सलग दुसऱ्या रात्री ट्रेलर काढणारा ड्रायव्हर, दोन पाळ्या जोडून करणारा वॉचमन. आपण त्यांचं कौतुक करतो, आणि त्या कौतुकानेच त्यांच्या तोंडून 'मी थकलोय' हे शब्द निघेनासे होतात. ज्याच्या हाती दुसऱ्यांचे जीव आहेत, त्याची विश्रांती ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नाही. ती त्या सगळ्यांच्या सुरक्षिततेचा भाग आहे. ती कुणी मागू नये, आणि त्यानेही कुणाला देऊन टाकू नये. थकवा येण्यात लाज नाही. तो लपवण्यात धोका आहे, आणि लपवायला भाग पाडण्यात त्याहून मोठा दोष आहे. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी कामाला बोलवाल, तेव्हा कधी निघतोस हे विचारण्याआधी एवढं विचारा, "झोप झाली का तुझी?" आणि तो 'नाही' म्हणाला, तर त्याला झोपू द्या.